चांगल्या खांद्यावरचा बर्फ

दर शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत मी मुलांना बेसबॉल टाकायला शिकवतो. आठ ते बारा वयाची मुलं असतात. चेंडू कसा धरायचा हे मी पहिल्या दिवशी शिकवत नाही. पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की हात दुखत असेल तर दुखतो म्हणायचं आणि दुखत नसेल तर नाही म्हणायचं. मुलांना हे इतकं सोपं वाटतं की ती एकमेकांकडे बघून हसतात. मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "कोच, दुखत नसताना दुखतो असं कोण म्हणेल?"

मोठी माणसं म्हणतात, असं मी तिला सांगितलं आणि धडा पुढे नेला. उरलेलं इथे सांगतो.

ही गोष्ट कळायला आमच्या धंद्यातला एक नियम कळावा लागतो. मुलांना समजावतो तसाच सांगतो. प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली खालच्या संघांमध्ये मिळून दीडशेच्या वर खेळाडू असतात. त्यातल्या चाळीस जणांची नावं क्लब एका यादीत लिहितो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती यादी बंद होते. यादीत ज्याचं नाव आहे त्याला दुसरं कोणी हात लावू शकत नाही. पण खालच्या संघात चार वर्षं काढूनही ज्याचं नाव यादीत आलं नाही, त्याला डिसेंबरात कुठलाही दुसरा क्लब उचलून नेऊ शकतो. अट एकच. उचलला, तर पुढचं वर्षभर त्याला वरच्या, मोठ्या संघातच ठेवायचं.

म्हणजे आपला खेळाडू असा उचलला गेला तर क्लबचं नुकसान होतं. खेळाडूचं मात्र नशीब उघडतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी तेव्हा रिव्हरमेन क्लबच्या एका खालच्या संघात पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलांचा, कोच होतो, इथेच, टेनेसीच्या डोंगराळ भागात. लोवेल प्रुइट माझ्याकडे चौथं वर्ष काढत होता. चोवीस वर्षांचा, डावखुरा, वरच्या खोऱ्यातल्या तंबाखूच्या शेतावरचा मुलगा. तीन वर्षं तो बरा होता, इतकंच. बऱ्या पिचरांना कोणी विचारत नाही. जूनमध्ये एका दुपारी मी त्याची बोटं चेंडूवर अर्धा बोटभर बाजूला सरकवली. विशेष काही विचार केला नव्हता, वीस जणांवर असे प्रयोग करावे तेव्हा एकाला लागू पडतो. त्याला लागू पडला. चेंडू सरळ यायचा आणि बॅटजवळ आल्यावर, कोणीतरी खालून खुर्ची ओढून घ्यावी तसा खाली जायचा. तीन आठवडे त्याचा चेंडू कोणाला धड मारता आला नाही.

जुलैच्या सुरुवातीला गार्नर टीग आला. क्लबच्या सगळ्या खालच्या संघांचा तो प्रमुख. तरुणपणी आम्ही एका संघात खेळलो होतो, एका खोलीत राहिलो होतो, त्यामुळे तो आला की थेट माझ्या खोलीत येऊन माझ्याच ग्लासातून थंड चहा प्यायचा. त्या दिवशीही प्यायला. मग विचारलं, प्रुइटला बाहेरच्या किती जणांनी पाहिलंय. मी म्हणालो, दुसऱ्या क्लबांसाठी खेळाडू हेरणारे दोन पाहणारे येऊन गेले, पण जूनच्या आधी.

"मग आता तिसऱ्याने पाहायला नको," तो म्हणाला.

हिवाळ्यात क्लबला दुसऱ्या क्लबांशी खेळाडूंची देवाणघेवाण करायची होती. पहिल्या बेसवर, म्हणजे मैदानाच्या पहिल्या टप्प्यावर, उभा राहणारा एक चांगला माणूस आणायचा होता आणि त्यासाठी यादीत जागा मोकळ्या हव्या होत्या. प्रुइटवर एक जागा खर्च करायची नव्हती आणि प्रुइट हातचा जाऊही द्यायचा नव्हता. अशा वेळी काय करतात ते या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस लपवतात. त्याला आजारी पाडतात.

"त्याचा खांदा दुखू दे, आर्लिस," टीग म्हणाला. "हंगाम संपेपर्यंत. तू लिहिलंस तर कोणी शंका घेणार नाही. तुझ्याइतकं सरळ लिहिणारा माणूस अख्ख्या क्लबात नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं. हेही सांगायला हवं. शिवाय तो मुलगा मी घडवलेला होता आणि मला तो दुसऱ्या कोणाच्या अंगणात जायला नको होता. टीगने शब्द दिला की वसंतात प्रुइट मोठ्या संघाच्या सराव छावणीत असेल आणि जूनपर्यंत वरच्या संघात.

प्रुइटला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मैदानाच्या मागच्या बाकावर बसवून मी त्याला सगळं सांगितलं. मुलगा मंद नव्हता. बराच वेळ बुटाच्या टाचेने माती उकरत बसला.

"पण कोच, मला दुसऱ्या कोणी उचललं, तर मी सरळ वरच जाईन ना?"

मी म्हणालो, जाशील, आणि वर्षभर कोपऱ्यात बसून राहशील. एक वर्ष ठेवायचं म्हणून ठेवतील आणि मग परत पाठवतील. आपला क्लब हे नीट करेल. जूनपर्यंत तू वर असशील, आणि टाकत असशील.

"हे टीगसाहेब म्हणतायत, की तुम्ही म्हणताय?"

"मी म्हणतोय."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि उठून बर्फ आणायला गेला.

त्या दिवसापासून सात आठवडे लोवेल प्रुइट रोज संध्याकाळी सामन्याच्या वेळी संघाच्या बाकावर डाव्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून बसला. पाहणाऱ्या लोकांच्या खुर्च्या बरोबर समोर होत्या. त्यांना दिसावं म्हणूनच तो तिथे बसायचा. तिसऱ्या डावापर्यंत पिशवी वितळायची, पाणी पाठीवरून पँटमध्ये जायचं, आणि बाकीची पोरं त्याला हसायची. प्रुइट, तुझं काय गळतंय रे, म्हणायची. खरी गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती. आमचा पट्ट्या बांधणारा माणूस टीगच्या शब्दाबाहेर नव्हता, त्यामुळे माहीत असलेले आम्ही चौघंच. सकाळी सातला, मैदानावर चिटपाखरू नसताना, तो मला पंचवीस-तीस चेंडू टाकायचा. ते झेलून माझा तळहात सुजायचा. मग मी खोलीत जाऊन त्याच सुजलेल्या हाताने लिहायचो : डावा खांदा, मागच्या बाजूने दुखतो, टाकल्यावर वाढतो, विश्रांती. रोज लिहायचो, आणि रोज थोडं वेगळं लिहायचो. सगळ्या नोंदी एकसारख्या झाल्या तर वाचणाऱ्याला शंका येते. दोनदा मी "थोडं बरं" लिहिलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी "पुन्हा दुखावला." काम चोख झालं होतं.

ऑक्टोबरात मालकांनी ऑफिस झाडून काढलं. मोठा संघ शेवटून दुसरा आला होता, कोणाला तरी जावं लागणारच होतं. टीग गेला. पंधरा दिवसांत त्याला पश्चिमेकडच्या एका क्लबात जागा मिळाली, अशा माणसांना मिळतेच. त्याच्या जागी आणि त्याच्याही वरच्या जागी मेरिडिथ हॅल्बर्ग नावाची बाई आली. पस्तिशीची, शांत, कोणालाही न ओळखणारी. ओळखत नव्हती म्हणून ती कागद वाचायची, आणि वाचून विश्वास ठेवायची. यात तिचा दोष मला कधी दिसला नाही.

पहिल्या महिन्यात तिने अकरा कोच घरी पाठवले.

नोव्हेंबरात, यादी गुरुवारी बंद व्हायची होती, त्या सोमवारी सकाळी तिचा मला फोन आला. मी स्वयंपाकघरात न्याहारी करत होतो. तिने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही.

"मिस्टर टॅकेट, यादीत माझ्याकडे एक जागा उरली आहे. प्रुइटचे जूनचे आकडे समोर आहेत. असे आकडे मी या क्लबात दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाहीत. मग सात आठवडे काहीच नाही, फक्त खांदा. तुम्ही रोज लिहिलंय. मला एवढंच सांगा, खांदा कसा आहे?"

आज मागे वळून पाहताना वाटतं की याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही. उत्तर चार शब्दांचं होतं. खांद्याला काहीही झालेलं नाही. पण त्या चार शब्दांनंतर पुढचा प्रश्न आला असता, मग हे रोज लिहिलं कोणी आणि का. टीग गेला होता. कागदावर सही माझी होती. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि बेसबॉल सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

"कागदात आहे तसंच आहे, मॅडम," मी म्हणालो. "विश्रांतीने फरक पडतोय."

"वसंतात टाकू शकेल?"

"सांगता येत नाही."

पलीकडे तिने काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सरळ सांगितल्याबद्दल आभारी आहे." ती मनापासून म्हणाली.

ती चाळिसावी जागा तेहतीस वर्षांच्या एका कॅचरला, चेंडू झेलणाऱ्याला, गेली. देवाणघेवाणीत दुसऱ्या क्लबने गळ्यात बांधलेला माणूस होता. पुढच्या हंगामात तो मोजून नऊ सामने खेळला.

अजून एक वाट होती. प्रुइट यादीत नाही, म्हणजे डिसेंबरात त्याला कोणीही उचलू शकत होतं, आणि बाहेरच्या जगात त्याचा खांदा धडधाकट आहे हे जाणणारा एक माणूस एका क्लबात अधिकाराच्या जागेवर होता. मी टीगला फोन लावला. उचल पोराला, म्हणालो.

टीग हसला. म्हणाला, "उचलला तर वर्षभर वर ठेवावा लागेल. कशाला? ती बाई त्याला मार्चच्या आत सोडणार बघ. मग मी फुकट घेतो आणि आरामात खाली ठेवतो."

मी म्हणालो, तू त्याला जूनपर्यंत वर नेणार होतास.

"तेव्हा मी तिथे होतो, आर्लिस. आणि आता उचलला तर इथले विचारतील, ही फाईल असलेला माणूस का घेतोस. काय सांगू? फाईल मीच लिहवून घेतली?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "वाट बघायला सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

म्हणून मी गाडी काढून वरच्या खोऱ्यात गेलो. नोव्हेंबर म्हणजे तंबाखूची पानं देठावरून सोडवायचे दिवस. प्रुइट कोठीत लांब मेजापाशी आई आणि बायकोसोबत उभा होता. छताला टांगलेली वाळकी रोपं, खाली पानांचे ढीग. त्याचे तळहात चिकाने तपकिरी झाले होते, म्हणून त्याने हात मिळवायला मनगट पुढे केलं. त्याची आई सुनेला म्हणाली की कोचला कॉफी दे, आणि मला म्हणाली, कोच, याचा खांदा दुखतो असं पेपरात आलंय, पण हा तर दिवसभर गठ्ठे उचलतो. प्रुइट माझ्याकडे बघून हसला. त्याने घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

बाहेर येऊन मी त्याला सांगितलं की यादीत नाव आलेलं नाही.

"नव्या बाईंनी तुम्हाला विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "ऑफिसने परस्पर ठरवलं."

"विचारलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

मग मी त्याला टीगबद्दल सांगितलं, जरा थांब म्हणालो. दुसऱ्यांदा थांब म्हणालो. तो ठीक आहे म्हणाला आणि आत जाऊन पुन्हा पानं सोडवू लागला.

डिसेंबरात सगळ्या क्लबांनी मिळून चौदा जण उचलले. त्यातला एक डावखुरा मी त्याच उन्हाळ्यात पाहिला होता. त्याचा चेंडू खाली जात नव्हता, डावीकडे वळत नव्हता आणि उजवीकडेही नाही. तो वर्षभर मोठ्या संघात राहिला, कोपऱ्यात बसून नाही, खेळून. आजही कुठेतरी खेळतो. प्रुइटने ती चौदा नावं पेपरात वाचली असणार. बारीक अक्षरात येतात.

जानेवारीत हॅल्बर्गबाईंनी पहिल्या बेसवरचा माणूस आणला. त्याच्या बदल्यात उत्तरेकडच्या क्लबला तीन पिचर द्यायचे ठरले होते आणि तिसरं नाव त्यांनी प्रुइटचं ठेवलं होतं. त्या क्लबच्या डॉक्टरने फाईल वाचली आणि नाव खोडलं. मग प्रुइटच्या जागी एक एकोणीस वर्षांचा मुलगा द्यावा लागला, ज्याला बाई कधीच देणार नव्हत्या. तेव्हापासून ऑफिसात प्रुइट हे नाव एका नुकसानीचं नाव झालं. माझ्या वाक्यांनी आधी त्याची यादीतली जागा गेली होती, आता तो विकायच्या लायकीचाही राहिला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी, छावणी उघडायच्या चार दिवस आधी, त्यांनी त्याला सोडून दिलं. छावणीत त्याने चार चेंडू टाकले असते तरी सगळ्यांना कळलं असतं. चार दिवस.

मी टीगला फोन केला. त्याने त्याच महिन्यात देवाणघेवाणीत दोन डावखुरे घेतले होते. "जागा भरली रे," म्हणाला. "उन्हाळ्यात बघू." प्रुइटने स्वतः तीन क्लबांना फोन केले. तिघांनीही आधी फाईल मागवून घेतली.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी तो इथे, या व्यायामशाळेत आला. मी तेव्हाही हिवाळ्यात मुलांना शिकवत असे. कामाचे बूट, तेल लागलेलं जाकीट. भिंतीला टेकून तो उभा राहिला आणि माझी मुलांची रांग संपेपर्यंत थांबला. मी मुलांना पाणी प्यायला पाठवलं, पण ती गेली नाहीत, खऱ्या खेळाडूकडे बघत तिथेच घुटमळली.

"बाईंनी स्वतः फोन केला होता मला, सोडल्याचं सांगायला," तो म्हणाला. "चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, तुझ्या कोचनाच विचारलं होतं नोव्हेंबरात, त्यांनाही खात्री नव्हती."

मी खाली पडलेला एक चेंडू उचलून चेंडूंच्या बादलीत टाकला.

"त्यांच्याशी खोटं बोललात ते नाही विचारत मी. ते तर मीही सात आठवडे बोललो, बर्फ लावून. आमच्या कोठीसमोर उभं राहून मला नाही म्हणालात, ते का?"

"नोकरी गेली असती, पोरा."

त्याने मान हलवली, हिशोब पटल्यासारखी.

"हं," तो म्हणाला. "माझी गेली."

मग तो वाकला आणि बादलीतून एक चेंडू उचलला. मुलांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं. समोरच्या भिंतीवर कसरतीची जाड गादी टांगलेली होती, तिच्यावर मी मुलांसाठी खडूने चौकोन काढला होता. हात गरम न करता, जड बुटांत, जाकीट अंगात असताना त्याने चेंडू टाकला. तो सरळ गेला, आणि शेवटी खुर्ची ओढल्यासारखा खाली जाऊन चौकोनाच्या खालच्या रेषेवर बसला. त्या बंद जागेत आवाज असा झाला की दोन मुलांनी कान झाकले. त्याने दुसरा टाकला, त्याच रेषेवर. तिसराही.

"दुखत नाही," तो म्हणाला. हे तो मुलांना म्हणाला, माझ्याकडे बघितलंही नाही. आणि गेला. हल्ली तो खोऱ्यात बियाण्याच्या दुकानाचा ट्रक चालवतो असं ऐकतो. रस्त्यात समोरून आला तर ओळख दाखवायला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, इकडे सगळेच सगळ्यांना उचलतात तसं.

मी त्यानंतर दोन वर्षं नोकरी केली. निरोपाच्या दिवशी क्लबने मला एक पितळी पाटी दिली. तिच्यावर हॅल्बर्गबाईंनी स्वतः निवडलेले शब्द आहेत, प्रामाणिक सेवेबद्दल. पाटी कपाटात आहे.

पण त्या शनिवारी तो दारातून बाहेर पडल्यावर मुलं बराच वेळ गादीवरच्या खळग्याला बोटं लावून बघत होती. वर्ना नावाची एक नऊ वर्षांची मुलगी चेंडू घेऊन माझ्याकडे आली.

"कोच, ते कुठल्या संघात आहेत?"

"कुठल्याच नाही."

हे तिला पटलं नाही, पण तिने ते सोडून दिलं. तिने पाहिलं होतं ते वेगळंच होतं. तिची बोटं चेंडूवर अर्धा बोटभर बाजूला होती, त्याच्यासारखी.

"त्यांना असं टाकायला कोणी शिकवलं?"

"मी," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. "मग मलाही शिकवा ना."

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो, तिचा हात हातात घेतला आणि तिची बोटं नीट बसवून दिली. दुसरं काय येत होतं मला.